हजेरी मेजर बाईंनी भरलेला तक्ता

ठाण्यात तिला सगळे मेजर बाई म्हणायचे. हुद्दा हवालदाराचा, पण हजेरीचं रजिस्टर तिच्या ताब्यात, म्हणून हजेरी मेजर. रोज सकाळी कोण कुठल्या चौकात उभा राहणार, कोण आरोपी घेऊन कोर्टात जाणार, कुणाची साप्ताहिक सुट्टी टिकणार आणि कुणाची उडणार, हे दाक्षायणी बिराजदारच्या हातानं लिहिलं जायचं. त्यामुळं वरच्यांना द्यायच्या शिव्याही तिच्याच वाट्याला यायच्या.

ती मूळची अक्कलकोटकडची. घरात कानडी, शाळेत मराठी. भरतीच्या मैदानावर अनवाणी धावली आणि पहिल्या दहांत आली. खाकी घालून पहिल्यांदा गावी गेली तेव्हा तिची आई ईरम्मा शेजारणींना म्हणाली होती, "आता माझ्या लेकीला कोण अडवतंय बघू." त्याला चोवीस वर्षं झाली. चोरांनी, दारुड्यांनी तिला कधी अडवलं नाही. अडवलं ते माणसं नसण्यानं.

ठाण्याची मंजूर पदं एकशे दहा. पटावर एकोणऐंशी. त्यातले तेरा 'संलग्न'. फार सभ्य शब्द आहे हा. म्हणजे पगार या ठाण्याचा आणि काम भलतीकडं. एकजण वरिष्ठांच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायचा, एकजण कधीच बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या आईला दवाखान्यात न्यायचा-आणायचा, दोघे एका पुढाऱ्यामागं बंदूक घेऊन फिरायचे. त्या पुढाऱ्याच्या जिवावर कुणी उठलंय असं त्याच्या बायकोलाही वाटत नव्हतं. उरलेल्या सहासष्टांवर कोर्ट, समन्स, गस्त, मिरवणुका आणि मंत्र्यांचे दौरे. आठ तासांची ड्युटी भिंतीवरच्या परिपत्रकात होती. प्रत्यक्षात चौदा.

तिचा नवरा मल्लिनाथ चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. तो एकदा जेवताना म्हणाला, "आमच्याकडं नववा तास लागला की डबल पगार. कायदाच हाय तसा."

"आमच्याकडं नववा तास लागला की चहा," दाक्षायणी म्हणाली. "तोबी आपल्याच खिशातून."

मल्लिनाथ हसला. ती हसली नाही.

मार्चातल्या एका मंगळवारी शहरात कुठल्याशा इमारतीचं उद्घाटन होतं. बंदोबस्ताला चव्वेचाळीस माणसं पाठवा, असा निरोप आला. तिनं सुट्ट्या उडवल्या, रात्रपाळी करून नुकत्याच घरी गेलेल्यांना फोन करून उठवलं, शेवटी तक्रारी घेणारा ठाणे अंमलदारही धाडला. त्याच्या टेबलावर ती स्वतः बसली. बाकीचे कोर्टात आणि समन्सांवर गेलेले; ठाण्यात उरले तिघं: ती, वायरलेसवाला आणि कोठडीवरचा पहारेकरी.

साडेअकराला भवानी पेठेतली शांतम्मा धापा टाकत आली. साठीची बाई, पायात चप्पल नाही. जावई दारू पिऊन आलाय, आतून कडी लावून लेकीला मारतोय, चला लवकर, असं ती अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सांगत होती. दाक्षायणीनं वायरलेसवर विचारलं. दोन्ही गाड्या उद्घाटनाच्या रस्त्यावर. फोन केले. "साहेबांचा ताफा निघाल्याशिवाय हलता येत न्हाय," असं उत्तर आलं. कोठडीत दोन आरोपी होते, दोन्ही टेबलं तिच्या एकटीवर, ठाणं सोडून जाता येत नव्हतं.

शांतम्मानं रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "यारू इल्लेनु? एवढं मोठं ठाणं, आन् एक माणूस न्हाय? मग तुमी हितं कशाला बसलाय?"

दाक्षायणीनं परत फोन उचलला. दीड तासानं गाडी गेली तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. लेकीचा हात दोन ठिकाणी मोडला होता. गुन्हा दाखल झाला, जावई आत गेला, कागद सगळे बरोबर झाले. पण त्या दिवसापासून दाक्षायणीच्या छातीत जे पेटलं ते विझेना. गाड्या कुठं उभ्या होत्या? रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून. आणि तिथं पाठवल्या कुणी? तिनंच, स्वतःच्या सहीनं.

त्याच आठवड्यात वरून एक तक्ता आला. विधानसभेत कुणीतरी प्रश्न विचारला होता: पोलिसांची किती पदं रिकामी आहेत, साप्ताहिक सुट्टी मिळते का, जादा कामाचा मोबदला मिळतो का. शासन नवीन पदांना पैसे देणार की नाही, ते या माहितीवर ठरणार होतं. सोबत तोंडी निरोप होता की सुट्टीच्या रकान्यात 'नियमित दिली जाते' असं लिहावं आणि प्रत्येकाची सही घ्यावी.

सकाळच्या हजेरीला कागद फिरला. शिपाई सोमलिंग कोळी पुढं आला. पन्नाशी ओलांडलेला, पायांच्या शिरा सुजलेल्या, बुटाच्या नाड्या सैल सोडलेल्या. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि सही ठोकली.

दाक्षायणीनं कागद ओढून घेतला. "वाचलं का?"

"काय वाचायचं, मेजर बाई? तुमी दिलाय म्हंजे बरोबरच असणार की."

"तुझी सुट्टी मी सलग नऊ आठवडे उडवलीय सोमलिंग. नऊ! आन् सगळ्या मिळाल्या म्हणून सही करतोस? शिवी तरी दे मला!"

 सोमलिंग खाली बघत म्हणाला, "रिटायरमेंटला सात वर्षं राहिलीत बाई. कशाला लफडं?"

त्या 'कशाला'चा तिला भयंकर राग आला. सोमलिंगचा राग नव्हे. चोवीस वर्षं ती स्वतः हेच म्हणत आली होती. तिनं तो कागद सगळ्यांसमोर फाडला. कोरा तक्ता आखला आणि म्हणाली, "प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं. शेवटची सुट्टी कधी घेतली, ती तारीख. खोटी लिहिली तर उद्या उन्हात सात रस्ता चौकात उभा करीन."

पहिली तारीख लिहिली महिला शिपाई रेश्मानं. पाच महिन्यांपूर्वीची. मग मागून एकेक जण आला. शेवटी सोमलिंगनंही लिहिली. आठवायलाच त्याला वेळ लागला. दाक्षायणीनं खाली तेरा संलग्नांची नावं जोडली, समोर ते प्रत्यक्षात काय काम करतात तेही लिहिलं, आणि तक्ता घेऊन ठाण्याच्या निरीक्षकांकडं, खटके साहेबांकडं गेली.

खटके साहेबांनी वाचून चष्मा काढला. "बाई, हे वर गेलं तर माझं काय होईल माहितीय?"

"माहितीय साहेब. त्या मंगळवारी काय झालं तेबी माहितीय."

"मलाही सुट्टी नाही. मी कुठं सांगत बसतो?"

"तेच चुकतंय तुमचं," ती म्हणाली. निरीक्षकाला असं बोलायचं नसतं. तिला त्या वेळी त्याची फिकीर नव्हती.

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी सही केली, जोरात, कागदावर राग काढल्यासारखी. तक्ता टपालात गेला.

दोन दिवसांत वरून फोन खणखणले. तक्ता परत आला, ठाण्यातल्या कारकुनानं नव्यानं टाइप केला, आणि सुट्टी 'नियमित' झाली. पण संलग्नांची यादी एका प्रतीतून कुणाच्यातरी टेबलावर पोचली असावी. तेरातले चार परत आले. बागेवालाही आला, त्याची चौकात उभं राहायची सवय मोडली होती. खटके साहेबांना कुणी हात लावला नाही. दाक्षायणीची बदली झाली मुख्यालयात, कपड्यांच्या भांडारात. बूट, पट्टे, टोप्या मोजायच्या.

भांडाराला रविवारी कुलूप असतं. म्हणजे शिक्षा म्हणून पाठवलं तिथं तिला दर आठवड्याला सुट्टी. याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला. पहिल्या रविवारी ती घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरली. पेपरात आतल्या पानावर विधानसभेतलं उत्तर छापून आलं होतं: साप्ताहिक सुट्टी देण्यात येते, रिक्त पदांचा प्रस्ताव वित्त विभागाच्या विचाराधीन आहे.

तिनं कपाटातून कोरा कागद काढला आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. ठाण्यानं पाठवलेल्या मूळ तक्त्याची प्रत मिळावी. पेन इतकं दाबलं होतं की कागदाला भोक पडलं. दुसरा घ्यावा लागला.

मल्लिनाथ दारात उभा होता. "परत बदली करतील."

"करू दे की. भांडाराच्या पुढं कुटं टाकणार हायत?"

उत्तराची तीस दिवसांची मुदत उलटली, उत्तर आलं नाही. एकतिसाव्या दिवशी, ड्युटी संपल्यावर, ती स्वतः जाऊन अपील देऊन आली, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलली नाही.