ज्याचं पुस्तक नाही त्याची जागा

रविवारी दुपारी साधना घरून निघाली ती वाक्यं जुळवतच. 'भाऊ, माझी पोरगी तुमच्या शब्दाबाहेर नाही. तिला नाही म्हणा.' एवढंच टेकचंदला सांगायचं होतं.

भंडाऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तृप्तीचं नाव लागलं होतं. सोमवारी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आणि तृप्ती चार दिवस एकच धरून बसली होती: नागपूरला जाणार, इतिहास घेऊन बी.ए. करणार. "तुमी माय-लेकी पाहा बाप्पा, मले त्यातलं काई समजत नाही," म्हणून घनश्याम धानाचे पऱ्हे, रोपं किती वाढली ते बघायला शेतात निघून गेला होता. समजत होतं ते साधनालाच. तिनं स्वतः तुमसरला इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. ती पदवी लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली पडून होती.

सिहोऱ्यात टेकचंदला सगळे परखीवाला म्हणून ओळखत. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये त्यानं तेहतीस वर्षं धान तपासला. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी सळई. पोत्याच्या पोटात खुपसायची आणि आतले दाणे तळहातावर घेऊन बघायचे. "वरचा धान तं सगळेच चांगला ठेवतेत," तो म्हणे. शिक्षण नववी. चाळिशीत पाय मोडून तीन महिने खाटेवर पडला, तेव्हा शेजारच्या मास्तरांनी एक चरित्र वाचायला दिलं, मग दुसरं. दोन्ही माणसं एकाच काळातली, एकाच सभेला हजर. एका पुस्तकात ती सभा गाजली होती, दुसऱ्यात उधळली गेली होती. टेकचंद चक्रावला. मग त्यानं कुठलंच चरित्र एकटं वाचलं नाही, शेजारी दुसरं हवंच. आणि पहिल्या पानापासून तर नाहीच, मधेच कुठंतरी उघडायचं. परखीसारखं.

निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्याच्या ओसरीवर पोरंपोरी जमू लागली. तिथं मधोमध एक रिकामा बारदाना, धानाचं गोणपाट, घडी घालून अंथरलेला असे. ज्याचं पुस्तक कोणी लिहिलं नाही, त्याची ती जागा. एकानं पुस्तकातला मोठा माणूस व्हायचं, दुसऱ्यानं बारदान्यावर बसून त्याची बायको, भाऊ, नाहीतर गडी म्हणून त्याला जाब विचारायचा.

त्या दिवशी मोठा माणूस तृप्ती होती; साधना पोचली तेव्हा ती उभी राहून वाचत होती. "'मातेचा आशीर्वाद घेऊन ते पहाटेच भूमिगत झाले.'"

"लिहिलं कोनं?" टेकचंदनं विचारलं.

"त्यांच्या शिष्यानं, काकाजी. तीस वर्षांनी."

"आन दुसऱ्या पुस्तकात?"

"त्यांच्या सोबत्याचं चरित्र आहे. त्यात म्हणे, ते निघाले तेव्हा घरात कोणी जागं नव्हतं."

"मंग आशीर्वाद झोपेत देल्ला काय व म्हातारीनं?" खांबाला टेकून बसलेली रुखमिणी म्हणाली. ती भाजी विकायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रविवार चुकवत नसे. सगळे हसले.

"आता माय कोन होते? बसा कोनी." कोणी उठेना. टेकचंदचं लक्ष पायरीवर उभ्या साधनाकडे गेलं. "वहिनी, तुमीच बसा."

"मी दुसऱ्या कामानं आली, भाऊ."

"ते बी आयकतो. पयले हे."

एवढ्या पोरांसमोर नाही कसं म्हणायचं? साधना बारदान्यावर टेकली. मग तोंडातून निघालं, "काहून नाही सांगतलं रे मले?"

तृप्तीनं पुस्तक छातीशी धरलं. "सांगतलं असतं तं तू जाऊ देल्लं नसतं."

"हे तूच ठरवलं. मी नाही म्हटलं होतं का?"

"तुये डोये सांगतेत ना."

"वा! आन पुस्तकात लिहून टाकलं, मी आशीर्वाद देल्ला म्हणून. मले कोनं विचारलं? कुठं राहाचं, सोबत कोन, दुखलं-खुपलं तं पाहाचं कोनं, काई तोंड उघडू देल्लं का?"

रुखमिणीनं मान डोलावली. "बराबर आहे."

"राहाची सोय झाली, आई," तृप्ती हळूच म्हणाली. तो आवाज आता पुस्तकातल्या माणसाचा नव्हता. "होस्टेलले नाव लागलं."

"अर्ज कधी केला?"

"पंधरा दिवस झाले."

साधना ताडकन उठली. पोरीला सोडून टेकचंदकडेच वळली. "हेच शिकवता का तुमी इथं?"

टेकचंदचा चेहरा उतरला होता. "मले बी नाही सांगतलं तिनं." त्यानं बारदान्याची दुमडलेली कड सरळ केली. "नववीत शाळा सोडून मी मिलमधी पोती उचलाले लागलो. घरी सांगतलं नाही. निकालाच्या दिवशी माय शाळेच्या फाटकाशी दिवसभर उभी. तिले वाटे, आपलं पोरगं आतच आहे. दुसऱ्याच्या पोरानं सांगतलं तिले. मरेपर्यंत तिनं मले एक शब्द विचारला नाही. हा बारदाना तिच्यासाठीच टाकला मी."

"मंग सांगा ना हिले, जाऊ नको म्हणून."

"ते मी नाही सांगत. पन तृप्ती, मायले न विचारता गेली तं या ओसरीवर पाय ठेवू नको."

तृप्तीचे डोळे भरून आले. पुस्तक मिटून ती म्हणाली, "आई, जाऊ का मी?"

'नाही' हा शब्द साधनाच्या ओठांवर होता, घरून घोकूनच आणला होता. पण आता तो उच्चारला, की मुलीनं तिच्या डोळ्यांत जे वाचलं होतं तेच खरं ठरणार होतं.

"उद्या मी येतो तुयासंगं. होस्टेल पाहीन, मंग सांगीन."

"उद्या तं भंडाऱ्याले..."

"मले माहीत आहे उद्या काय आहे ते."

सोमवारी सकाळी तुमसर रोड स्टेशनवर तिनं नागपूरची दोन तिकिटं काढली. गाडीत कागदांची फाइल मात्र मांडीवर घट्ट धरून होती. मूळ गुणपत्रिका, दाखला, सगळं. दोनदा उघडून पाहिलं. गाडी वाटेत भंडारा रोडला थांबणारच होती. अजून उतरता येत होतं.

भंडारा रोड आलं. माणसं उतरू लागली. साधनानं पायात चप्पल सरकवली. समोर तृप्ती खिडकीबाहेर बघत होती, पण श्वास रोखून.

"त्या आईचं नाव काय होतं व?" साधनानं एकदम विचारलं. "पुस्तकातल्या."

तृप्तीनं वळून पाहिलं. "दोन्ही पुस्तकात नाही लिहिलं."

गाडी हलली. साधनानं चप्पल काढली नाही. फाइल उघडून तिसऱ्यांदा गुणपत्रिका आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "त्या होस्टेलच्या दाराले आतून कडी आहे ना?"