भिंतीपलीकडचे वाटाणे

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भिंगकाकांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. दूधवाल्यासमोरच ते दूध पुन्हा मापून बघत; भाजीत मीठ घातलंय असं बायकोने सांगितलं तरी चाखल्याशिवाय मानत नसत. घराची वाटणी होऊन मधली भिंत उभी राहिली, तेव्हा थोरल्या भावाने आपली वीतभर जागा खाल्ली अशी त्यांची पक्की समजूत. तेव्हापासून शेजारी राहूनही दोघांत बोलणं नव्हतं.

अशात एकदा थंडीच्या तोंडावर वहिनी एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत वाटाण्याचं बी होतं.

"ह्यांना आता वाकवत नाही, भावजी. म्हणाले, तुम्ही लावा."

"बदल्यात काय हवंय?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'नेच काकांच्या मनात पाल चुकचुकली. बी उकडलेलं असणार. त्यांनी एकेक दाणा भिंगाखाली धरला, मग थोडे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. मोड आले. तरी शंका फिटेना, म्हणून शेजारच्या वाफ्यात दुकानातलं बी पेरलं. ते जेमतेम उगवलं. दादाचं मात्र तरारून वर आलं आणि आधाराच्या काठ्या सोडून थेट भिंतीवर चढलं.

"कळला कावा?" ते बायकोला म्हणाले. "पाणी आम्ही घालायचं, शेंगा त्याच्या अंगणात."

"अहो, भिंतीलगत तुम्हीच लावलेत ना?"

शेंगा भरू लागल्या तशी काकांची झोप उडाली. एका दुपारी ते स्टुलावर चढून पलीकडे डोकावले. दादा खुर्चीत बसून लोंबणारे वेल सुतळीने भिंतीकडे वळवून बांधत होता. गाठ काही केल्या बसत नव्हती.

"तोडल्यास ना?" काकांनी विचारलं. इतक्या वर्षांनी तोंडून निघालं ते हे.

दादाने वर बघितलं. "एक तोडली. कोवळी होती, राहवलं नाही."

काका खाली उतरले. "एक म्हणतोय म्हणजे चार तरी खाल्ल्या असणार," असं पुटपुटत त्यांनी आपल्या बाजूच्या शेंगा तोडल्या. त्यातल्या निम्म्या बायकोने पलीकडे नेऊन दिल्या. त्यांनी बघितलं, पण अडवलं नाही.

"वेल इकडे ओढून घेऊ का?" तिने आल्यावर विचारलं.

"नको. तुटतील."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डोकावले.

"आज किती?"

"दोन," दादा म्हणाला.

काकांना ते खरं वाटलं नाही. तरी तिसऱ्या दिवशीही ते विचारायला गेले.