निकाल शून्य

आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या कॉलेजात लायब्ररी सांभाळताना मी त्या कॉम्प्युटरशी जितकी भांडले, तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. पुस्तकांची यादी ऑनलाइन झाली आणि पोरं पुन्हा माझ्याच टेबलाशी, "मॅडम, तुम्हीच सांगा ना." मग ते यंत्र काय पूजेला ठेवायचं?

नवेगाव बांधकडची एक सून बी.ए. करत होती. नापास झाली तर कॉलेज बंद, असं सासऱ्याने बजावलेलं. परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, तेव्हा ती प्रकल्पासाठी पुस्तक शोधायला बसली. विषय बोडी, म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं छोटं तळं. तिने 'बोडी' टाइप केलं. स्क्रीनवर आलं, 'निकाल : ०'.

"मॅडम, माहा निकाल शून्य आला," म्हणत रडवेली होऊन ती निघूनच गेली. मी फोन लावला तर सासऱ्याने उचलला. तो परीक्षेचा निकाल नव्हे, हे परोपरीने सांगितलं. "कॉम्प्युटर काऊन खोटं सांगन?" म्हणाले आणि फोन ठेवला. मला इतका संताप आला की दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात ती ऑनलाइन यादी बनवणाऱ्यांकडची एक मुलगी आली. काही न विचारता पोरांच्या मागे बसून कोण कुठे अडतं ते बघत राहिली. "इथे पिक्चर लागलाय का?" मी टोमणा मारला. ती नुसती हसली. सुनेची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र हसली नाही. "ती परत येईल ना?" एवढंच विचारलं.

जाण्यापूर्वी तिने 'निकाल' हा शब्दच काढून टाकला. तिथे आलं, 'मिळालेली पुस्तकं'. बोडी शोधली की तलावाची, शेततळ्याची पुस्तकंही दिसू लागली. लहानशी गोष्ट, पण आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. मानलं बुवा मी त्या पोरीला.

मी सुनेला निरोप धाडला, सासऱ्यालाही घेऊन ये. दोघं आली. तिने घाबरत घाबरत 'बोडी' टाइप केलं. पुस्तकांची नावं एकाखाली एक उतरली. सासऱ्याने डोळे बारीक करून सगळी वाचली, शेवटपर्यंत.

"म्हटलं होतं ना म्या," ते मला म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं नाही सांगत."

सून तोवर कपाटाकडे गेली होती.