महालिंगप्पांचा घराणेदार जबडा

दाताच्या डॉक्टरापुढं माणूस तोंड उघडतो, पण बोलू शकत नाही. मग सगळं बोलणं बाहेरच्या बाकावर होतं. त्यामुळं मुरुम गावातल्या माझ्या दवाखान्यात दातांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे एकट्या महालिंगप्पा कापडवाल्यांचे!

*

ते आले उजव्या जबड्याला टेंगूळ घेऊन. मी हुशारीनं दोन दाढा काढल्या. दोन्ही निर्दोष निघाल्या, टेंगूळ जागच्या जागी!

"सुजंला ऐसपैस जागा करून दिलाव जनू!" ते म्हणाले.

मला खरंच लाज वाटली. एक्स-रे काढायचं तेव्हा कुठं सुचलं. गाठ हाडातच होती.

*

"आणखी काय दुखतं?" विचारल्यावर त्यांनी दोन फायली काढल्या. हाडं दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिलेल्या. सारखे मुतखडे होतात म्हणून खड्यांच्या डॉक्टरांनी पथ्य लावलेलं.

"या दोघांना एकमेकांचं सांगितलं नाही?"

"कशाला? दोघंबी भले मानूस हायत. उगं वाईट वाटंल!"

*

रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं. आमच्या लॅबवाल्या बसूचा रिपोर्ट आला, नॉर्मल. फायलीतले मागचे तीनही त्याचेच आणि तसेच, अगदी तोच आकडा!

दरडावल्यावर बसू म्हणाला, "सर, त्यांचं दर टायमाला लई जास्त येतंय. तसं लिहिलं की डॉक्टर लोक माझ्या मशिनला शिव्या देतेत. म्हनून म्या नॉर्मल लिहितो."

मशीन बिचारं पहिल्यापासून खरं बोलत होतं.

*

सोलापूरला नमुना पाठवला. कॅल्शियम भलतंच चढलेलं, म्हणून मग त्यांनाही तिकडं धाडलं. गळ्यात थायरॉइडच्या मागं डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यातली एक फुगून हाडांतलं कॅल्शियम ओढत होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाचा जबडा असा आहे का?

महालिंगप्पांनी अभिमानानं मोबाइलवर दुकानातल्या हार घातलेल्या फोटोंचा फोटो दाखवला. वडील, आजोबा, दोघांचाही उजवा गाल फुगलेला!

"घराण्याचा जबडाच असा हाय. लांबनं लोक वळखतेत!"

निदान झालं. हा आजार रक्तातनं पिढ्यान्‌पिढ्या येतो.

*

ऑपरेशन होऊन ते परतले. बाजारात कुणी विचारलं, "थायरॉइड झाला व्हता म्हनं?"

"थायरॉइड गल्लीत धा जनींला हाय!" महालिंगप्पा भडकले. "माझा दुर्मीळ हाय!"

*

पण लेकीची, शिवलीलाची तपासणी म्हटलं की त्यांचा आवाज बसायचा. तिचाही जबडा अधूनमधून ठणकत होता. वेळेत कळलं तर तिची हाडं, किडन्या वाचणार होत्या. मला तिची फार काळजी वाटायची.

"सोयरीक ठरलीय डॉक्टर. लगीन होऊ द्या, मग बघू."

सोयरीक कुणाशी, तर महालिंगप्पांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाशी!

शेवटी शिवलीला एकटीच आली. बसू तिचं रक्त घ्यायला बसला, तोच होणारी सासू, म्हणजे आत्याच, तरातरा आत शिरली. पदर उजव्या गालावर दाबून धरलेला.

"डॉक्टर, सरळ सांगा! पोरीत खोट असंल तर सोयरीक मोडली. आमच्या घरात असलं काय न्हाय!"

"तुमच्या गालाला काय झालंय?" मी विचारलं.

"ह्ये व्हय? ह्ये माहेरचं वळण हाय."

शिवलीला खुर्चीतनं उठली. आत्याचा हात धरून म्हणाली, "आत्या, आधी तुमी बसा."