पेढे घेऊन येणारे सर

"घाई न्हाई. लांब जायाचंय," असं म्हणून सर गिटारची एक तार छेडायचे आणि मग दोन मिनिटं काहीच करायचे नाहीत. तो एकटा सूर हॉलभर फिरत राहायचा. लोक एकमेकांकडे बघायचे, कुणीतरी "माईक बिघडला वाटतं" म्हणायचं, आणि मिक्सरमागे बसलेल्या मला दरदरून घाम फुटायचा. पंचवीस वर्षं मी त्यांचा साऊंडवाला होतो, पण त्या दोन मिनिटांची सवय काही झाली नाही.

तुम्ही असा कार्यक्रम ऐकला नसेल तर तुमचा दोष नाही. आपल्याकडं बँड म्हटलं की वरात आठवते. सरांचा बँड अवकाशातला प्रवास वाजवायचा. चाळीस मिनिटांचं एकच वादन, शब्द नाहीत, फक्त गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि मागं घुमणारे यंत्राचे आवाज. बँडचं नाव 'नववा ग्रह'. वाईत एकदा कार्यक्रम संपल्यावर एक गुरुजी गंभीरपणे विचारायला आले, "नवव्याचंच का? बाकीच्या आठांनी काय घोडं मारलंय?" सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "त्यांची बी पाळी येनार हाय. जरा दमानं."

सर मूळचे वडूजकडचे. कराडच्या एका कॉलेजात वर्कशॉप शिकवायचे आणि तिथल्याच पोरांना घेऊन त्यांनी बँड उभा केला होता. पोरं शिकायची, निघून जायची. कुणी साखर कारखान्यात लागला, कुणी पुण्याला गेला, कुणाला सासऱ्यानं गिटार सोडायला लावली. पहिला ड्रमर फौजेत गेला आणि वीस वर्षांनी पेन्शन घेऊन परत त्याच स्टुलावर येऊन बसला. त्याला आम्ही फौजीच म्हणतो. कायम राहिले ते एकटे सर.

कुणाला काढायचं असेल तर ते फोनवर कधीच सांगत नसत. पाव किलो कंदी पेढे घेऊन त्याच्या घरी जायचे, चहा प्यायचे, म्हशीपासून मामापर्यंत सगळ्यांची चौकशी करायचे आणि मग तोंडावर म्हणायचे, "तुजं आता जमंना गड्या. वाईट वाटून घिऊ नगंस." सर पेढे घेऊन दारात दिसले की माणसाचं तोंडच उतरायचं. एका कीबोर्डवाल्याच्या आईनं पेढे हातात न घेताच दार लावून घेतलं. सर आठवड्यानं ताजे पेढे घेऊन पुन्हा गेले.

मग त्यांचे कान जायला लागले. गिटार ते कानानंच लावायचे. कानाचं मशीन घ्या म्हटलं की चिडायचे. "मशीनमधनं ऐकल्याला सूर माजा न्हवं." साताऱ्याच्या कार्यक्रमात गिटार सरळसरळ बेसूर झाली. तिसऱ्या रांगेतला एकजण हसला, मग ती रांगच हसली. सर डोळे मिटून तल्लीन होते. मला ते बघवेना.

सामान गाडीत भरताना आमची कीबोर्डवाली जवळ आली. ती सांगलीची, शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "दादा, पुढचा कार्यक्रम माझ्या गावात आहे. तिथं असं झालं तर बँड संपला. कुणीतरी सांगा त्यांना."

"मी बर्फात डूटी केलीया," फौजी म्हणाला, "पर ह्ये मला जमायचं न्हाई."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी भित्रा माणूस. "बघतो मी," म्हणालो आणि पळवाट शोधली. सांगलीत मी सरांची गिटार फक्त त्यांच्या पायाशी ठेवलेल्या लहान स्पीकरला दिली. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून ती पूर्ण बंद. त्यांचे सूर कीबोर्डवाली वाजवणार होती.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. लोक मान हलवत होते आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. एवढ्यात सर वाजवता वाजवता स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. पंचवीस वर्षांत ते असे कधी खाली आले नव्हते. लांब वायर मागं ओढत ते थेट मोठ्या स्पीकरपाशी गेले, त्याच्या जाळीवर डावा तळहात ठेवला आणि उजव्या हातानं मोकळी तार छेडली. थांबले. पुन्हा छेडली. कान गेल्यापासून हा माणूस तळहातानं, तळपायानं ऐकत होता आणि आज स्टेजच्या फळ्यांतून आपली गिटार लागेना म्हणून खाली आला होता, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मिक्सरवर त्यांच्या गिटारचा आवाज वर-खाली करणाऱ्या पट्टीवर माझं बोट होतं. ती वर सरकवायला एक क्षण पुरला असता. सरांनी मानेनंच 'नको' म्हटलं. गिटार काढून जमिनीवर ठेवली आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. वादन चालूच राहिलं. हॉलमध्ये कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. शेवटी टाळ्या जोरात पडल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "साताऱ्यापासनं इथवर एक बी पेढ्याचं दुकान लागलं न्हाई व्हय रं तुला?" एवढंच म्हणाले. माझं उत्तर ऐकायला थांबले नाहीत.

त्यानंतर ते वडूजला जाऊन राहिले. फोन उचलेनात. आम्ही नवा गिटारवाला घेतला. तो चांगला वाजवतो, हे कबूल केलंच पाहिजे.

गेल्या महिन्यात धीर करून मी वडूजला गेलो. सर ओसरीवर बसले होते. कानात मशीन होतं.

"सुनेनं घ्याय लावलं," ते म्हणाले. "आता समदं ऐकू येतंय. बोल."

मी येताना माफीचे चार शब्द जुळवून आणले होते. त्यातला एकही आठवेना.

"सर, तुमची गिटार बेसूर लागत होती."

"लय?"

"लय, सर."

"कदीपासनं?"

"दोन वर्षं तरी झाली."

माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. मग सरांनी कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल, जेवून घिऊ."

जेवताना मी खूप बोललो. सांगलीचं, फौजीचं, मला त्या रात्री झोप आली नाही त्याचं. सर भाकरी मोडत माझ्याकडं बघून हसत होते, आणि एक शब्दही त्यांना ऐकू जात नव्हता.