आतल्या खोलीतून आलेला फिल्टर

हडपसरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मला नकली ऑइल फिल्टर विकून फसवलं. आज गॅरेजमध्ये माझ्या गाडीचं जुनं ऑइल काढलं, तेव्हा त्या करपट वासाने ती दुपार पुन्हा समोर आली.

तेव्हा माझा पहिला टेम्पो होता. लोणी काळभोरहून भाजी आणायचो. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेला फिल्टर हाताला जड लागला. रबराची रिंग मऊ होती, दाबली की परत वर यायची. मी तो निम्म्या भावात मागितला.

"अहो, भाव करायला मंडई आहे. 'एकच भाव' ही पाटी वाचता येत नाही का?"

"पाटीवर गाडी चालत नाही, शेठ."

त्याने मला एकदा नीट न्याहाळलं. मग "बरं, आतून बांधून देतो" म्हणत फिल्टर घेऊन पडद्यामागे गेला. पंखा कुरकुरत होता, उदबत्ती जळत होती आणि मी जिंकल्याच्या आनंदात उभा होतो. बांधून आलेलं खोकं मी उघडलंच नाही.

काही आठवड्यांत इंजिन जाम झालं. मिस्त्रीने फिल्टर कापला, तर आतल्या कागदाचा लगदा झालेला आणि रिंग लाकडासारखी कडक. टेम्पो भंगाराच्या भावात गेला आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो.

पुण्याचा दुकानदार इतक्या लवकर नमतो, तेव्हाच ओळखायचं, असं लोक आज मला शिकवतात. परवडत नव्हतं तर त्याने 'नाही' म्हणायचं होतं. मी भाव कमी करायला सांगितला होता, माल बदलायला नाही. तो का बदलला, याचं उत्तर त्याने मला द्यावं.