सरकारी केंद्राचं पत्र

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय, कोण जाणे.

संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्याच गावातल्या लोधीपुऱ्यातला नामदेव माझा शाळेपासूनचा मित्र. घरी केळीचे मळे, शिक्षण मॅट्रिक, आणि डोक्यात एकच – विमान चालवायचं. वेड मलाही होतंच. पण डोळ्यांच्या तपासणीत मी नापास झालो होतो, आणि तो पास.

इंग्रजी माझं बरं, म्हणून चौकशीची पत्रं मीच लिहिली. उत्तरं माझ्याच घरी आली, सिंधीपुऱ्यात. दोन. एक नागपूरच्या क्लबाचं : आधी साधं लायसन, मग जमेल तसे उड्डाणाचे तास भरत जायचे, मग मोठी परीक्षा. दुसरं सरकारी केंद्राचं : तिथंच राहायचं, सलग शिकायचं आणि प्रवासी विमानाचं लायसन घेऊनच बाहेर पडायचं. मॅट्रिक पुरे. पण वयाची अट होती – नामदेवला ती एकच संधी.

संध्याकाळी तो आला. ''तू शिकेल माणूस. तूच सांग, कोन्ता रस्ता बरा?''

मी काय म्हणालो? ''क्लबाचा. सरकारी केंद्रात बी.एस्सी. लागते.''

बस, एवढंच. त्यानं पत्र मागितलंही नाही. त्याचा विश्वास होता – आणि मला ते ठाऊक होतं. नजरचूक नव्हती ती. तो वर जाईल आणि मी खालून मान वर करून बघत राहीन, हे मला सोसवलं नसतं.

क्लबात विमान एकच, तेही सारखं दुरुस्तीला. तीन वर्षांत साधं लायसन झालं; तास काही भरले नाहीत. तोवर वय उलटलं, वडील अंथरुणाला खिळले. नामदेव परत आला आणि केळीत उतरला.

पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं. ''मी विमान चालवेल आहे बरं का! ह्यानंच मले रस्ता दाखवला.''

मी हात जोडले – आणि हसलोसुद्धा.

नामदेव गेल्या वर्षी वारला. सांगायला सवड मिळाली नाही, असं म्हणू? चाळीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी तापीच्या घाटावर शेजारी शेजारी बसत होतो.